आजारातलं बोलणं

डॉक्टरांनी रोझलिनला दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरू लागला. मग त्यांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत ठोके मोजले.

“असं किती दिवस होतंय?”

“वर्ष झालं,” ती म्हणाली.

“स्वभावच तापट झालाय तिचा,” शेजारून तिचा नवरा प्लासिड म्हणाला. “वयाचा परिणाम असेल, म्हणून मी मनावर घेतलं नाही.”

रक्ताचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. त्यामुळे हृदय मिनिटाला दीडशेच्या घरात धावत होतं, तेही ताल सोडून. हात कापणं, झोप उडणं, पंख्याखालीही घाम फुटणं, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं, सगळं त्यातलंच, असं डॉक्टरांनी समजावलं. हृदय इतकं दमेपर्यंत थांबायला नको होतं, असंही ते म्हणाले. प्लासिडने त्यातलं एकच धरलं.

“म्हणजे नाताळचं तेसुद्धा आजारामुळेच,” बाहेर पडताना तो म्हणाला.

नाताळला त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, नॅन्सीच्या सासरची माणसं राजोडीहून गिरीजला यांच्या घरी जेवायला आली होती. जावई गॉडफ्रे, त्याची आई बर्था. वाढता वाढता रोझलिनने भांडं टेबलावर आपटलं आणि जावयाला सगळ्यांदेखत विचारलं, “माझ्या मुलीला कशाने मारतोस?” प्लासिडलाही तिने सोडलं नव्हतं. पावसाळ्यात नॅन्सी पाठीवर वळ घेऊन माहेरी आली, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यानेच तिला परत पोचवलं होतं. त्या वेळी रोझलिन गप्प बसली होती.

रिपोर्ट खिशात घालून प्लासिड त्याच संध्याकाळी राजोडीला जाऊन आला.

“समजून घेतलं त्यांनी,” तो म्हणाला आणि पोटभर जेवला.

गोळ्यांचा गुण आला. एप्रिलपर्यंत ठोके ऐंशीवर उतरले, अंग भरलं, रोझलिन शाळेत पुन्हा तिसरीच्या वर्गावर जाऊ लागली. झोपही लागायची. जाग आली की पहिली नॅन्सी आठवायची.

ईस्टरनंतरच्या रविवारी प्लासिड तिला राजोडीला घेऊन गेला. “तुझ्या तोंडून दोन शब्द गेले की मिटलं,” असं त्याचं म्हणणं.

सगळे ओटीवर बसले. उकाड्यातही नॅन्सीने मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता. रोझलिनने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“विहीणबाई, नाताळला मी ओरडले, ते चुकलं,” ती शांतपणे म्हणाली. “पण बोलले ते खरं होतं. गॉडफ्रे तिला मारतो. तुम्हाला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक आहे.”

कोणी चिडलं नाही. गॉडफ्रे सुरूच्या झाडांकडे पाहत राहिला. बर्थाने प्लासिडकडे झुकून हळूच विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?”

“आहेत,” प्लासिड म्हणाला. “डोस बघावा लागेल.”

रोझलिन उठली.

“नॅन्सी, कपडे भर. आपण निघतोय.”

नॅन्सीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“आई, तू जरा बस ना,” ती म्हणाली. “तुला बरं नाहीये.”