तिसऱ्या पावलाला हाक

“आधी चाळीस हजार बोला,” आमच्या यांच्या शर्टाची कॉलर नीट करत मी जिन्यातच बजावलं. “आतली मॅडम जाहिरातीतलेच सव्वीस म्हणेल. मग गप उठायचं. मागं वळून बघायचं नाय. तिसऱ्या पावलाला हाक येते.”

“दिपा, मी काय पापलेट हाय?” हे वैतागले. “सव्वीस तर सव्वीस. यार्ड एक तारखेला बंद होतंय, माहीत हाय ना?”

“माहीत हाय म्हणूनच सांगते. गरज तोंडावर दिसली की भाव पडतो.”

एकवीस वर्षं मी खांदा कॉलनीच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाईक उठून चालू लागलं की काय होतं, ते मला विचारा. चार पावलंही जाऊ देत नाही आम्ही. “ओ ताई, या, घ्या तुमच्या भावात!” तोंडातून आपसूक निघतंच. आणि आमचे हे! जासईच्या यार्डात अठरा वर्षं कंटेनर उचलायची अवजड गाडी चालवतात. एवढा मोठा डबा अलगद ठेवतील, पण स्वतःसाठी तोंड उघडतील तर शपथ. साहेबाने दिला तेवढा पगार मुकाट घेतला. आता नवी गोदाम कंपनी बोलावतेय, तर या खेपेला मीच हट्टाला पेटले होते.

“जीवन कोळी?” आतून हाक आली. मी बाहेरच्या बाकावर बसले. काचेचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. टेबलामागे मिताली नावाची पोरगी. पगाराचं तीच ठरवणार.

“तुमची अपेक्षा काय, सर?”

“चाळीस.” यांचा आवाज फाटला.

ती हसली नाही, चिडलीही नाही. “या पोस्टला आम्ही सव्वीस ऑफर करतोय. काय विचार आहे तुमचा?”

यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी ‘नाय’ म्हणून मान हलवली. देवाशप्पथ, मीच हलवली.

“नाय जमणार,” म्हणत हे उठले. एक पाऊल. दोन. मी पोरीच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. तिसरं. आता बोल ना गं बाई! चौथं पाऊल यांनी मुद्दाम लहान टाकलं. दाराची मूठ धरून उगाच थांबले. पोरीचे डोळे कॉम्प्युटरवर.

“नेक्स्ट. विश्वजीत ठाकूर.”

माझ्या शेजारचा माणूस उठून आत गेला. आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो, एकमेकांकडे न बघता. दहा मिनिटांत तो हातात कागद घेऊन हसत बाहेर आला. माझा धीर सुटला. हे नको नको म्हणत असताना मी आत घुसले.

“मॅडम, सव्वीस चालतील. आमच्या ह्यांना तसं म्हणायचं नव्हतं.”

“मावशी, त्यांनी नकार दिला ना. एकच जागा होती, ती आत्ताच भरली.” तिला खरंच वाईट वाटलं असावं. “सर बसून बोलले असते तर... अठ्ठावीसपर्यंत द्यायची परवानगी होती मला. मला वाटलं, त्यांना दुसरीकडे जास्त मिळतंय.”

अठ्ठावीस! यार्डात बावीस मिळत होते. मी माझ्या हाताने घालवले.

बाहेर हे लांब जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते; तिथवर आतलं ऐकू येत नव्हतं. तोंड एवढंसं झालेलं.

“काय म्हणाली?”

एकवीस वर्षांत शिळी मासळी ताजी म्हणून कुणाच्या गळ्यात मारली नाही मी.

“सव्वीसच्या वर एक रुपया नाय म्हणाली. वर बारा तास काम.”

“बघ!” यांचा चेहरा खुलला. “म्हणजे उठलो ते बरोबरच केलं आपण.”

लगेच फोन काढून त्यांनी धाकट्या भावाला लावला. “सुदाम, अरे मीच नाय म्हटलं त्यांना,” असं मोठ्याने सांगत, ताठ मानेने ते जिना उतरू लागले. मी कठडा घट्ट धरून मागून उतरत राहिले.