चार दिवसांचा पाव

मांडवीचा गुणाजी पिलणकर बासष्टाव्या वर्षी फ्रेंच शिकायला लागला, तेव्हा पहिल्या आठवड्यात लोक हसले आणि दुसऱ्या आठवड्यात कारण शोधायला लागले. कुणी म्हणालं, मुलगा भावेश त्याला परदेशी बोटीवर पाठवतोय. कुणी म्हणालं, गुडघ्यांचं दुखणं वर चढलं. खरं कारण फक्त त्याच्या बायकोला, तुळसाला, माहीत होतं; आणि ती ते मासळी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

"आमचे बाईच्या नादाला लागलेत," ती पापलेट साफ करता करता म्हणायची. "बाईपण साधी नाय हां. फ्रान्सची. सत्तरीतली."

बाईचं नाव सोलांज केर्वाल. तुळसानं तिची सुलोचना करून टाकली होती.

गुणाजीची आणि या सुलोचनेची गाठ आदल्या वर्षीच्या जूनमध्ये पडली. मासेमारी बंद होती, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या होत्या आणि तो पडवीत बसून भावेशचं जाळं सांधत होता. पस्तीस वर्षं तो 'जय भगवती' बोटीवर तांडेल होता. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. गुडघे गेले आणि बोट भावेशकडे आली. त्या दुपारी खिळ्याला टांगलेल्या फोनवर कोळीगीतं चालू होती. ती संपली आणि फोननं आपल्या मनानं सोलांजबाईंचं गाणं लावलं, आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. गुणाजीचे दोन्ही हात जाळ्यात अडकलेले. उठून बदलायचं तर तासाभराचं काम सुटणार. म्हणून त्यानं ऐकून घेतलं. जाळं सांधून होईपर्यंत ते गाणं चार वेळा वाजलं होतं, आणि चौथ्या वेळी त्यानं सुई खाली ठेवली होती.

"बाई घाई करत नाय," त्यानं तुळसाला सांगितलं. "शेवटच्या ओळीच्या आधी थांबते. जाळं सोडायच्या आधी आपण पाणी बघतो ना, तशी."

"मी पस्तीस वर्षं घाई न करता तुमचा डबा भरत होते," तुळसा म्हणाली, "तेव्हा काय ऐकू आलं नाय."

गल्लीच्या टोकाला रुचिरा राहायची. वय सव्वीस, पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या फ्रेंच कागदपत्रांची भाषांतरं करायची. गुणाजी तिच्याकडे गेला. तिनं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "काका, पाच मिनिटांत अर्थ सांगते."

"नको. मासा मी दुसऱ्याच्या नाकानं घेत नाय. मला शिकव."

शिकवणं सोपं गेलं नाही. हॉटेलात कॉफी कशी मागवायची, हा धडा त्यानं सरळ वगळला. तो कॉफी पीत नव्हता. घशातून काढायचा 'र' मात्र पहिल्याच दिवशी जमला. घशात काटा अडकला की माणूस खाकरतो तसा, असं रुचिरानं सांगितलं, आणि त्या बाबतीत मांडवीत कुणालाच शिकवणी लागत नाही. आकड्यांचं त्याला फार कौतुक वाटलं. फ्रेंच माणूस ऐंशी म्हणायला 'चार वीस' म्हणतो, हे कळल्यावर तो हसतच घरी आला. "तुझी आई बांगडे कशी मोजायची? चार विसा! तशीच मोजतात ती लोकं."

"मग माझी आई फ्रेंच होती," तुळसा म्हणाली. "आता कळलं तुम्ही तिला का घाबरायचा ते."

मार्च महिन्यात एका सकाळी गाणं त्याला समजलं. एकेक ओळ त्यानं वहीत मांडली होती. पहिल्या कडव्यात एक माणूस पहाटे बोट काढतो. दुसऱ्यात तो चार दिवसांचा पाव, एक कंदील आणि लोकरीची टोपी बरोबर घेतो. तिसऱ्यात त्याची बायको धक्क्यावर उभी. एक दिवस, दोन दिवस, तिसऱ्या दिवशी तिला रडू फुटतं आणि गाणं संपतं.

गुणाजीनं वहीचं पान उलटलं. मग रुचिराकडे बघितलं. "पुढचं कडवं?"

"पुढचं नाही. एवढंच आहे."

"असं कसं एवढंच? बोट कुठे हाय?"

"काका, ते गाणं आहे. तसंच सोडलंय. ऐकणाऱ्यानं विचार करावा म्हणून."

"बोट अशी सोडून कोण देतो?" गुणाजीचा आवाज चढला. त्याच्या पस्तीस वर्षांत, कोणती बोट कुठे आहे हे कळल्याशिवाय वायरलेस बंद झाला नव्हता. एका नोव्हेंबरात तर वादळात सापडून त्याची स्वतःचीच बोट पाच दिवसांच्या रेशनवर सातव्या दिवशी परत आली होती. तेव्हाही शेजारच्या बोटी तासातासाला त्याचं नाव पुकारत होत्या. आणि इथे, गाणं निघाल्यापासून, एक बोट चाळीस वर्षं पाण्यात होती, गावोगावचे लोक ते गाणं ऐकून टाळ्या वाजवत होते आणि कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला फ्रेंच फक्त एका वाक्यापुरती हवी होती: बोट परत आली का?

संधी एप्रिलमध्ये चालून आली. सोलांजबाई गाणं थांबवणार होत्या. त्याआधी एका रविवारी त्या इंटरनेटवरून परदेशातल्या बारा श्रोत्यांशी बोलणार होत्या, प्रत्येकाशी दोन मिनिटं. आपण कोण ते चार ओळींत लिहून पाठवायचं होतं. रुचिरानं लिहायला सांगितलं आणि गुणाजीनं तीन ओळींतच आटपलं: मी तांडेल होतो. आता जाळी सांधतो. मला एक प्रश्न विचारायचा आहे.

बारा जणांत त्याचं नाव आलं.

मग आठवडाभर घरात तेच एक वाक्य. "ल बातो ए-तिल रव्न्यू?" तो आंघोळ करताना म्हणायचा, चहा पिताना म्हणायचा. तुळसाला ते इतकं पाठ झालं की एकदा भावेशला जेट्टीवरून यायला उशीर झाला, तेव्हा तिनं सुनेला तेच विचारलं.

"पण अवो," तिनं शनिवारी विचारलं, "बाई बोलली की नाय आली, बुडाली, तर?"

 ते गुणाजीच्याही मनात आलं होतं. बुडाली असेल तर ते गाणं त्याला पुन्हा लावता येणार नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण न विचारता राहणंही आता जमणार नव्हतं.

रविवारी साडेपाचला तो रुचिराच्या घरी लॅपटॉपसमोर बसला. पांढरा सदरा, केसांना तेल. मला काय करायचंय, असं आठवडाभर म्हणणारी तुळसा ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून मागच्या खुर्चीत होती.

"काका, आपला नंबर आला की हे माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं," रुचिरानं दाखवलं.

"दाबायचं आणि बोलायचं. कळलं," गुणाजी म्हणाला. त्याचा चेहरा एकदम निवांत झाला. त्याचं कारण रुचिराच्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

आधी कॅनडाची एक बाई बोलली, मग सेनेगलचा एक शिक्षक. मग पडद्यावर पांढऱ्या केसांच्या सोलांजबाई थेट गुणाजीकडे बघून हसल्या. कोपऱ्यात दोन मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. गुणाजीनं बटण दाबलं.

"बों जूर! गुणाजी, गुणाजी बोलतोय! मांडवी, रत्नागिरी! ल बातो ए-तिल रव्न्यू? ल बातो ए-तिल रव्न्यू? ओव्हर!"

आवाज असा, की तळमजल्यावरचं कुत्रं भुंकलं. इंजिनाच्या वर ऐकू जावं अशा बेतानं माणूस पस्तीस वर्षं बोलला, की त्याला दुसरा आवाज राहत नाही. एवढं बोलून त्यानं बटण पुन्हा दाबून माइक बंद केला, पाठ ताठ केली आणि उत्तराची वाट बघायला लागला.

सोलांजबाई आधी दचकल्या, मग हसल्या, मग गंभीर झाल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या बोलल्या. गुणाजीला सगळं कळलं. त्या म्हणाल्या: मला माहीत नाही. मी चाळीस वर्षं हे गाते आहे आणि मलाच माहीत नाही. तुम्ही तांडेल आहात. तुम्ही सांगा, परत आली का?

आणि त्या थांबल्या.

गुणाजीही थांबला.

घड्याळात एक मिनिट दहा सेकंद उरले होते. बाई बघत होत्या. गुणाजी बघत होता. एक मिनिट उरलं.

"काका, बोला!" रुचिरा कुजबुजली.

"थांब गो. त्यांचं संपलं नाय."

"संपलं! तुम्हाला विचारलंय त्यांनी!"

"ओव्हर कुठे बोलल्या?"

रुचिराच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. बोटीवरच्या वायरलेसवर बटण दाबून बोलणाऱ्याला समोरचं ऐकू येत नाही. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. म्हणून समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम. तो मोडणाऱ्याला गुणाजीनं आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. आता खुद्द सोलांजबाईंच्या बोलण्यात तो शिरणार नव्हता. पंचेचाळीस सेकंद. रुचिरानं माइककडे हात नेला. त्यानं तो अडवला.

"अगो, बाई बोलतायत ना!"

"मेली बाई गप बसलीय कधीची!" मागून तुळसा ओरडली आणि पुढे झुकून तिनं नवऱ्याचा हात धरून बाजूला केला. रुचिरानं बटण दाबलं आणि एका दमात फ्रेंचमध्ये सांगून टाकलं, की हे वायरलेसवर बोलायला शिकलेत, तुम्ही 'ओव्हर' म्हटल्याशिवाय हे उत्तर देणार नाहीत.

सोलांजबाईंनी डोक्याला हात लावला. मग लष्करी शिस्तीत मान ताठ करून म्हणाल्या, "ओव्हर."

तीस सेकंद.

 गुणाजी फक्त प्रश्न घेऊन आला होता. येत होतं ते एकच वाक्य, आणि ते बोलून झालं होतं. त्यानं डोळे मिटले. गाणं त्याच्यापुढे वहीतल्यासारखं उभं राहिलं: पहाट, पाव, कंदील, टोपी, धक्का. आणि तांडेल म्हणून जे त्यानं पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, ते त्याला तेव्हा दिसलं. बोट सुटताना आधी रेशन बघायचं असतं.

"पँ, कात्र जूर," तो म्हणाला. पाव, चार दिवस. चार बोटं वर. "फाम, त्र्वा जूर." बाई, तीन दिवस. "आंकोर अँ जूर." अजून एक दिवस आहे. मग श्वास घेऊन: "ओव्हर."

सोलांजबाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यांनी आपली चार बोटं वर धरली, त्यातली तीन एकेक करून मिटली आणि उरलेल्या एका बोटाकडे बघत राहिल्या. त्या काही म्हणणार, तोवर घड्याळ शून्यावर आलं आणि पडद्यावर ब्राझीलचा कुणी चष्मेवाला आला.

घरी परत येताना गुणाजी गुडघे विसरून चालत होता. बोट बुडालेली नव्हती. चाळीस वर्षं लोक उगाच उसासे टाकत होते. हिशेब सरळ होता. माणसानं चार दिवसांचं नेलंय, तर तिसऱ्या दिवशी रडायचं कारणच काय? एवढं त्यानं तुळसाला तीनदा समजावून सांगितलं.

समुद्राकडच्या वळणावर तुळसा थांबली. चप्पल नीट केली.

"वादळात गेलेलात तेव्हा पाच दिवसांचं नेलेलंत," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच दिवशी रडले."

"दुसऱ्या? कशाला? पाच दिवसांचं होतं की."

"भाकऱ्या मीच बांधलेल्या. किती दिवसांच्या ते मला नाय माहीत होय? तरी रडू आलं."

गुणाजीला पुढचं पाऊल टाकता येईना. "मग कधी बोललीस नाय ते?"

"कोणाकडे बोलू? वायरलेस तुमच्याजवळ," तुळसा म्हणाली आणि चालायला लागली. "चला, भरती बघत काय उभे? बांगडे आणलेत भावेशनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिरानं दार उघडलं, तेव्हा गुणाजी वही घेऊन पायरीवर बसला होता.

"काका, आता काय? बोट तर आली!"

"आली. पण बाईंना अर्धंच सांगितलं मी. पत्र लिहायचंय." त्यानं कोरं पान उघडलं. "'पाव तिनंच बांधून दिला होता.' हे कसं लिहायचं ते आधी सांग. आणि ओव्हर नको लिहूस. मागाहून आणखी निघेल."