घरजावई ओळखणारी बकरी

देऊळघाटच्या उकंडरावांची धाकटी मुलगी सिंधू नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिथले ससे एकामागून एक मेले आणि तिचं काम अडलं. मग ती थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात एक इवलीशी बाटली घेऊन एसटीनं घरी आली, आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मले चांदी पाहिजे."

उकंडरावांची नजर आधी देवघराकडं गेली. मग त्यांना कळलं, तिला चांदी नावाची बकरी हवी होती.

जेवताना तिनं सगळ्यांना नीट समजावलं. बाळंतपणात वार पडते, तिच्यात एक प्रथिन सापडलं होतं. तिच्या सरांचा अंदाज असा, की ते माणसाचं मूळचं नव्हेच. लाखो वर्षांपूर्वी कुठलासा विषाणू आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरला आणि पिढ्यानपिढ्या तिथंच राहून गेला. ते प्रथिन सशाऐवजी बकरीला टोचलं, की बकरीचं रक्त त्याला ओळखायला शिकतं. मग त्या रक्तावरचं पिवळं पाणी घेऊन ते प्रथिन कुठंही हुडकता येतं.

"म्हंजे बाहेरून आला अन् घरचाच होऊन बसला," उकंडराव म्हणाले. "घरजावयावानी."

कडूबांचा घास हातातच राहिला. कडूबा म्हणजे थोरल्या गीताबाईचे नवरे. लग्नानंतर चार दिवस पाहुणचाराला म्हणून वडनेर भोलजीहून आले होते, आणि आता त्यांच्या मुलीला स्थळं येऊ लागली होती.

"मामाजी, मले बोलून राह्यले का?"

"नाही बा. त्या किड्याले बोलून राह्यलो."

टोचायच्या वेळी बकरी धरायचं काम कडूबांवर आलं. औषध तेलात घोटलेलं, जाड, सुईही तशीच. सिंधू मागून टोचायची, त्यामुळं चांदीला ती दिसायचीच नाही. समोर दिसायचं ते कडूबांचं तोंड. दुसऱ्या खेपेनंतर चांदीनं त्यांना गोठ्यापासून ओट्यापर्यंत पळवलं. तिसऱ्या खेपेनंतर ते ओट्यावरून उतरेनात.

उकंडरावांनी ही गंमत चहाच्या हॉटेलात सांगितली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नागपूरच्या सुईनं उकंडरावाची बकरी घरजावई ओळखाले लागली. गावातले एकूणएक घरजावई दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागले. मेव्हण्याच्या वाड्यात बिऱ्हाड करून राहिलेले किसनराव तर सिंधूला हळूच विचारून गेले, "ताई, साळ्याच्या घरी राह्यणाऱ्यालेबी हे लागू हाय का?"

"भाऊजी, बकरीले काही कळत नाही," सिंधूनं कडूबांना समजावलं.

"मंग ते मलेच काऊन मारते?"

"तुम्ही तिले धरता म्हणून."

"धरा तं तूच म्हणते."

पुढं चांदीच्या मानेतून रक्त काढून झालं, पिवळं पाणीही निघालं. पण पडताळ्यासाठी सिंधूला एका पुरुषाचं रक्त हवं होतं. त्यात ते प्रथिन दिसायला नको होतं.

"अन् दिसलं तं?" कडूबांनी विचारलं.

गीताबाईनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. कडूबांनी बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटले.

नागपूरला सिंधूनं काचेच्या तबकडीत खळीसारखा थर ओतला आणि त्याला भोकं पाडली. मधल्या भोकात चांदीचं पाणी, एका बाजूला वारेचा अर्क, दुसऱ्या बाजूला कडूबांच्या रक्ताचं पाणी. जिथं ओळख पटेल तिथं पांढरी रेघ उमटते. रेघा दोन्हीकडं उमटल्या. चांदी माणसाचं जे जे असेल ते सगळंच ओळखायला शिकली होती. सिंधूला रडू आलं. मग तिनं चांदीच्या पाण्यात कडूबांचं पाणी मिसळून ती सरसकट ओळख आधीच जिरवून टाकली आणि पुन्हा तबकडी लावली. या वेळी रेघ फक्त वारेच्या बाजूला आली, बारीक, पण स्वच्छ. कडूबांची बाजू कोरी राहिली.

पोळ्याला घरी आल्यावर तिनं हे सांगितलं.

"म्हंजे मी त्यातला नाही," कडूबा म्हणाले.

"नाही, भाऊजी. पण त्याचा अर्थ असा, की..."

अर्थ ऐकायला कडूबा थांबले नाहीत. आपण घरजावई नाही हे नागपुरात सिद्ध झाल्याचं त्यांनी हॉटेलात सगळ्यांना सांगितलं. लोकांनी त्यांना चहा पाजला. घरी येऊन त्यांनी पिशवी भरली.

"जातो मी वडनेरले. माह्या घरी."

"जा ना," गीताबाई म्हणाली. "पन तुमच्या खोलीत भावानं सरकी भरून ठेवली हाय. झोपसान कुठी?"

कडूबा पिशवीवर बसले.

"मंग उद्या जातो."

"उद्या कपाशीचं निंदन हाय."

"मंग निंदन झाल्यावर पाहू," कडूबा म्हणाले, आणि हातपाय धुवायला उठले. गीताबाईनं पुरणाची पोळी तव्यावर टाकली.