जोडीतले दुसरे कार्ड

मित्रांनो, मी कॉम्प्युटरमधले एक जुने ग्राफिक्स कार्ड बोलतोय. पडद्यावरची चित्रे झरझर हलवायची, हे माझे काम. कारखान्यातून निघालो तेव्हा मोठी उमेद होती. नशिबी आले ते नुसता पंखा फिरवणे.

२००७ साली मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका घरात आलो. घरात दोघेच. बँकेतून निवृत्त झालेले बाळाजीराव आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी इरा. इराची आई, सुधाताई, वर्षापूर्वी गेल्या होत्या. इराला गेमचे भारी वेड. एका कॉम्प्युटरात दोन कार्डे जोडली की गेम सुसाट पळतो, असे ती एकदा बोलून गेली. बाळाजीरावांनी तिच्या कार्डाचे रिकामे खोके पिशवीत घातले आणि थेट दुकान गाठले. त्या खोक्यावर चिलखत घातलेली एक बाई होती. तीच बाई माझ्या खोक्यावर दिसताच त्यांनी मला उचलले, ब्लाउजपीस जुळवावा तसे! बाई तीच होती हो, पण आतली चिप निराळी.

इराने मला पहिल्या कार्डाशेजारी बसवून वरून जोडपट्टी लावली. कॉम्प्युटरने साफ नकार दिला. जोडी जमायला दोघांची चिप एकच लागते. मागे बाळाजीराव चहाचा कप धरून उभे होते.

"चालतंय ना गं?"

इराने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "एकदम भन्नाट, बाबा!"

आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच इतके खुलले होते. तिचे तरी काय चुकले? गेम पहिल्याच कार्डावर चालत राहिले आणि मी शेजारी बसून राहिलो. शेजारच्या लताबाई आल्या की बाळाजीराव कॉम्प्युटरच्या बाजूच्या काचेतून आमचे पंखे दाखवायचे, "बघा, दोन्ही फिरतायत!" मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. त्यात कार्डाची जागा रिकामीच होती. रोज संध्याकाळी ते स्वतः काढलेला एकच व्हिडिओ लावायचे. दिंडोरीला माहेरच्या मळ्यात सुधाताई द्राक्षे खुडतायत. "अहो, मला काय बघताय? द्राक्षं बघा!" आवाज यायचा, पण चित्र अडखळायचे, चेहरा थिजायचा.

"मलाच नीट काढता आलं नाही," ते पुटपुटायचे.

मित्रांनो, मी तिथे असतो तर ते चित्र सुरळीत चालवले असते. तेवढी ताकद माझ्यात होती.

इरालाही ते कळत होते. एकदा ती म्हणाली, "बाबा, यातलं एक कार्ड तुमच्या कॉम्प्युटरला लावू?"

"छे! जोडी फोडायची नाही."

खरे सांगायला तिने तोंड उघडले आणि तसेच मिटले.

पुढच्या हिवाळ्यात बाळाजीराव झोपेतच गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर इराने मला बाहेर काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्यांच्या कॉम्प्युटरात बसवले. जन्मात पहिल्यांदा मी काम केले. चित्र कुठेच अडखळले नाही. सुधाताई बोलल्या, लाजल्या आणि मग घड पाठीमागे लपवून सरळ बाळाजीरावांच्या कॅमेऱ्याकडे हसत राहिल्या. ते हसू बाळाजीरावांना पुन्हा कधी दिसलेच नव्हते.

इरा रिकाम्या खुर्चीकडे वळली. "बाबा, जोडी जमलीच नव्हती हो," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मित्रांनो, धुळीची मला सवय आहे, तिची तक्रार नाही. एक विनंती मात्र करतो. कुणाची जोडी जमत नसेल, तर मायेपोटीसुद्धा त्याला तिथे बसवून ठेवू नका. खरे काय ते वेळेवर सांगून टाका. माझी गरज शेजारच्याच खोलीत होती.