लाल झंपर

"मागच्या बाकावरच्या बाई का उभ्या राहिल्यात?" पाळकबाईंनी विचारलं.

मागच्या बाकावरच्या बाई! अगं, जन्म दिलाय तिनं तुला! पण झोलेका आता पाळकबाई होती. पाळकाची बायको तीच महिला संघाची प्रमुख, असा आमच्या चर्चच्या मंडळीचा नियम. नवऱ्याची बदली नेमकी आमच्याच गावी झाली आणि सहा महिने दर गुरुवारी हेच चाललं होतं, लेक पुढच्या खुर्चीत, आई मागच्या बाकावर.

मागचा बाक झंपर काढून घेतलेल्यांचा. आम्ही बाकीच्या लाल झंपर, पांढरी कॉलर, तिला संघाची पिन, पांढरी टोपी घालून बसतो. झोलेकाच्या आईच्या, थेम्बेकाच्या अंगावर तपकिरी स्वेटर होता.

"मला माझा झंपर परत हवाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा काही निघायचा नाही. त्यातच पुरा मला. बाकी काही मागत नाही."

बायका हळहळल्या. आमच्यात संघाची बाई झंपर घालूनच मातीत जाते. झंपर नसेल तर पेटीला संघाचा हात लागत नाही, कुणी गातसुद्धा नाही.

"आठ वर्षं झाली की गं," म्हातारी मान्जोली म्हणाली. "देऊन टाक. देवही एवढा राग धरत नाही."

झोलेकानं वही उघडली. "नियम आहे, आजी. पाप सगळ्यांसमोर कबूल करायला हवं. पोरीचा बाप कोण, ते यांनी अजून सांगितलेलं नाही."

यांनी! माझं डोकंच फिरलं.

मी थेम्बेकाची शेजारीण. आठ वर्षांपूर्वी झोलेका शिक्षिका व्हायला शिकत होती, पाळकाच्या घरून मागणी आली होती, आणि तिला दिवस गेले ते भलत्याच कुणाकडून. थेम्बेकाचा नवरा खाणीत मेला त्याला तीन वर्षं झालेली. लेकीला घेऊन ती क्वीन्सटाउनला बहिणीकडे गेली, ती सहा महिन्यांनी लेकीला तिथंच ठेवून परतली. काखेत तान्ही विवे.

"माझीच आहे," म्हणाली.

विधवेच्या काखेत तान्हं पोर! त्याच गुरुवारी भर सभेत तिची पिन काढली, झंपर उतरवून घेतला. रात्रंदिवस पोर भुकेनं रडायची आणि हिच्या अंगावर दुधाचा थेंब नव्हता, तेव्हाच मी ओळखलं. तिनं माझा हात बायबलवर ठेवला. "बोललीस तर तुझं तोंड बघणार नाही, नोझुको. एकुलती एक आहे गं. तिचं तरी सोनं होऊ दे."

झालं की सोनं! पुढं खुर्चीत बसून चकाकत होतं.

मी उठायला लागले. शपथ गेली खड्ड्यात, म्हटलं. थेम्बेकानं माझ्याकडं वळून पाहिलं.

"बस खाली," ती म्हणाली. मग लेकीकडे बघून सावकाश बोलली, "बापाचं नाव मी सांगणार नाही. पाप माझं आहे."

झोलेकाची नजर वहीतून वर आली नाही. "मग संघाचा नाइलाज आहे," ती म्हणाली आणि गीत सुरू करायला लावलं.

सभा सुटली. बाहेर पायरीवर विवे भाजलेलं कणीस खात बसली होती. झोलेकाचंच कपाळ, पुढच्या दातांत तीच फट. बायका पांगल्या आणि झोलेका आमच्याकडे आली. मला वाटलं, आता तरी ही पाया पडेल, रडेल.

ती हळूच म्हणाली, "आई, विवेला गुरुवारी इथं आणत जाऊ नकोस. बायका आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे."

नवरा गेल्याची खबर आली तेव्हाचा थेम्बेकाचा चेहरा मी पाहिलाय. झंपर उतरवला तेव्हाचाही पाहिलाय. पण असा नव्हता पाहिला. तिचा हात वर गेला. मार, मी मनात म्हटलं, मारच!

झोलेकाची पिन तिरकी झाली होती. थेम्बेकानं ती काढली, कॉलर सारखी केली, पिन नीट लावून दिली.

"बरं, पाळकबाई," ती म्हणाली.

"ताई, घे ना," विवेनं अर्धं कणीस मोडून पुढं केलं. झोलेका वळली आणि आत निघून गेली.

"राहू दे. तूच खा," थेम्बेकानं पोरीला सांगितलं आणि उतारानं चालायला लागली. विवेनं थेम्बेकाची पिशवी उचलली. वर पांढरी कॉलर होती, खळ घातलेली, कागदात गुंडाळलेली. झंपर मिळाला तर लगेच लावता यावी म्हणून सकाळीच इस्त्री करून आणली होती तिनं.