ढवळाढवळ

साहेबांनी तिच्या मुसळाला खोटं ठरवलं, तेही अहवालातल्या एका ओळीत. "खोल पाण्यातील काही नोंदी यंत्रातील दोषामुळे वगळल्या आहेत." खाली तंत्रज्ञाच्या सहीची जागा मोकळी होती. तंत्रज्ञ म्हणजे तीच.

मुसळ हे तिच्या यंत्राचं नाव, जहाजावरच्या लोकांनी ठेवलेलं. माणसाहून उंच, जाड नळकांडं. दोरीबिरी न बांधता ते समुद्रात सोडायचं. ते तळापर्यंत उतरतं, तिथे वजनं टाकून देतं आणि हलकं होऊन वर येतं. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढे दोन सेन्सर, पाणी किती थरथरतं ते टिपणारे. अकरा वर्षं ते ती स्वतः भिंगाखाली बसवत आली होती. नुकत्याच संपलेल्या सफरीत एक्केचाळीस वेळा मुसळ बुडवलं आणि एक्केचाळीस वेळा वर काढलं, ओकाऱ्या काढत, शिव्या देत. आणि हा दीडशहाणा खुर्चीत बसून म्हणतो, दोष!

तिने मूळ आलेख उघडले. समुद्राच्या पोटातल्या डोंगरावर, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, रेघ पिसाळल्यासारखी नाचत होती. अहवालात त्याच जागी इस्त्री मारल्यासारखी सपाट रेघ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं करून मुसळ केरात, आणि तेही अक्षरशः!

दुसऱ्या दिवशी सकाळीही राग उतरला नव्हता. त्याच तंद्रीत तिने वडिलांच्या अंघोळीची बादली भरली. मोरीतून आरोळी आली.

"अगं, भाजलं ना मला! वर आग, खाली बर्फ! गारावर गरम सोडलंस, मग ढवळायचं कोणी?"

उभं आयुष्य बॉयलरवर काढलेला माणूस. पाण्याच्या बाबतीत चूक खपवून घेत नसे. तिने धावत जाऊन बादलीत तांब्या घुसळला.

"समुद्राचंही असंच आहे, बाबा," ती दाराआडून म्हणाली. "ध्रुवाकडचं गार पाणी जड होऊन तळाला बसतं. ते आपणहून वर येईल का? भरती-ओहोटीचं पाणी तळातल्या डोंगरांना धडकतं, घुसळण होते, वरची ऊब खाली जाते. तेव्हा कुठे ते हलकं होऊन वर सरकतं. ती घुसळण आम्ही मोजली. आणि साहेब म्हणतात, यंत्र बिघडलंय."

"का म्हणे?"

"त्यांच्या गणितात एवढी घुसळण बसत नाही."

"काटे दोन आहेत ना तुझ्या यंत्राला? आमच्या बॉयलरला दोन असायचे. एक खोटं बोलला तर दुसरा चुगली करतो. काय म्हणतात दोघं?"

"एकच म्हणतात."

"मग सही कशाला करतेस?"

"नाही केली तर पुढच्या जहाजावर मला नेणार नाहीत."

आत शेवटचा तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "नाही नेलं तर नाही नेलं. पंचा दे इकडे."

अकरा वाजता तिने साहेबांच्या टेबलावर दोन्ही सेन्सरचे आलेख एकाखाली एक ठेवले. "एका सेन्सरला वेड लागेल, साहेब. दोघांना एकाच क्षणी, एकाच खोलीवर, एकसारखं लागेल का?"

साहेबांनी आलेखांकडे पाहिलंही नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, "बाई, तुम्ही यंत्र सांभाळा. विज्ञानात ढवळाढवळ करू नका."

झालं. अकरा वर्षांचं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"ढवळाढवळच मोजायला पाठवलं होतं तुम्ही मला! ती नसती तर तुमचा तो समुद्र म्हणजे खाली बर्फगार डबकं आणि वर कोमट पाण्याची साय, बस! जिथे पाणी खरंच ढवळलं जातं, तेवढीच जागा तुम्ही पुसलीत. लाज वाटत नाही?"

"आवाज खाली. सही करा, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा माणूस जाईल."

"करते ना."

तिने कागद ओढला. शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: 'दोन्ही सेन्सर ठीक. यंत्र ठीक. दोष वाचणाऱ्यात आहे.' खाली लफ्फेदार सही ठोकली.

साहेबांचा चेहरा पडला. "हे काय लिहिलंत? खोडा ते!"

"तुम्हीच खोडा. तुम्हाला सवय आहे."

खोडाखोड केलेला कागद समितीत चालत नसे, आणि अहवाल दुपारीच जायचा होता. तो त्या शेऱ्यासकट गेला. चार वाजता पुढच्या सफरीची यादी लागली. तिचं नाव नव्हतं. यादीसमोर उभं राहून तिने साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मोठ्याने, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असा.

मग ती कार्यशाळेत गेली. मुसळ पुसून पेटीत निजवलं, सेन्सर कापसात गुंडाळले. डोळे भरून आले तेव्हा तिला त्याचाही संताप आला. झाकण लावून तिने नव्या माणसासाठी त्यावर जाड पेनाने लिहिलं: 'सेन्सर दोन आहेत. दोघांचंही ऐकणे.'