मनगटातली फट

तस्लिमाच्या हातांना कोळंबीचा वास होता. साबणाने दोनदा धुऊनही तो गेला नाही; एमआरआयच्या थंड खोलीत, स्पिरिटच्या उग्र दर्पावर मात करून, तो खाडीवरच्या दमट वाऱ्यासारखा रेंगाळत राहिला. बर्फातल्या कोळंब्या सोलून तिच्या बोटांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती. चेहरा कोवळा आणि बोटं म्हातारी: जिचं वय शोधायला आणलं होतं, तिच्या देहावरच दोन वयं नांदत होती.

अलिबागच्या एका खाजगी तपासणी केंद्रात मी वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. माणसं माझ्यापुढे गुडघा, कंबर, मेंदू होऊन येतात आणि तसं आलेलंच मला बरं वाटतं. पौषातल्या एका दुपारी, अंगणातलं ऊन हळदीसारखं पसरलेलं असताना, महिला पोलीस तिला घेऊन आली. कोळंबी सोलण्याच्या शेडवर छापा पडला होता आणि त्यात ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळालेल्या या दोन बहिणी सापडल्या होत्या. धाकटी बाहेर बाकावर बसली, पुढचे दोन दात पडलेली. ती आठ वर्षांची, यावर कुणाचा वाद नव्हता. तस्लिमा अठराच्या आत ठरली तर दोघी एका बालगृहात. अठराच्या वर ठरली तर ती मोठ्या बायकांच्या कोठडीत आणि धाकटी एकटी. एवढंच ठरवायचं होतं, आणि ते तिच्या मनगटाच्या हाडाला विचारायचं होतं.

हाडाच्या टोकाशी वाढीची एक फट असते. चित्रात ती बंद दाराखालच्या उजेडाच्या रेघेसारखी दिसते आणि वाढ संपली की बुजते. पूर्वी यासाठी एक्स-रे काढत. आमच्या केंद्राच्या डॉक्टरांना एमआरआयचा अभिमान. यात किरणोत्सर्ग नाही, मुलीला यत्किंचितही अपाय नाही, असं ते महिला पोलिसाला दोनदा सांगून गेले. त्या सौजन्याची मला शिसारी आली. जिचं घर कुणीतरी जाळलं, तिच्या पेशींना धक्का लागू नये म्हणून आम्ही जपत होतो.

वयाचा रकाना भरल्याशिवाय आमचं यंत्र तपासणी सुरूच करत नाही. वय शोधायला आलेल्या मुलीचंही वय आधी लिहावं लागतं. म्हणून मी तिलाच विचारलं. शेडवर शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती म्हणाली, "घर जला, उस साल छोटी पैदा हुई. तब मैं इतनी थी, जितनी अब ये है." आणि तिने काचेपलीकडच्या धाकटीकडे बोट केलं.

"ह्या पोरी पढवलेल्या असतात, मॅडम," महिला पोलीस म्हणाली. "आमच्या पत्रात अंदाजे एकोणीस हाय, तेच टाका. जन्मतारीख एक जानेवारी."

मागे पाच रुग्ण खोळंबले होते. मी टाकलं.

मग तिला उपडं झोपवून उजवा हात डोक्यापुढे ताणायला लावला, काहीतरी मागणाऱ्याच्या हातासारखा. यंत्र सुरू झालं की पत्र्यावर घण पडावेत तसा आवाज होतो, भलेभले हलतात. ती हलली नाही. इतकं निश्चल पडून राहायला कुणी हौसेने शिकत नाही.

चित्रात फट दिसली, अर्धी बुजलेली, अर्धी उघडी. ती वाचण्याचं काम माझं नाही. ते मुंबईतले डॉक्टर करतात. त्यांना मुलगी दिसत नाही, मनगट दिसतं, आणि कोपऱ्यात मी टाकलेला आकडा. संध्याकाळी अहवाल आला: हाडांची वाढ नोंदवलेल्या वयाशी सुसंगत.

त्या संध्याकाळी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलता सोलता माझीही बोटं पांढुरकी, सुरकुतलेली झाली, आणि तेव्हा कुठे मी तिचं वाक्य ऐकलं. आठ आणि आठ सोळा. एवढं गणित दुपारभर बाकावर बसून होतं. त्याला एमआरआयचं चुंबक लागत नव्हतं. हातातला वाल मला गिळगिळीत वाटला. ते बिरडं मी केलं नाही.

सकाळी मुंबईला फोन करून ते वय पोलिसांच्या पत्रातलं असल्याचं सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पण ते टाकलंत तुम्हीच ना, मॅडम?" अहवाल गेला होता, आता कोर्टाने सांगितलं तरच फेरतपासणी. मी लेखी कबुली दिली. ती फाइलला लागली. तस्लिमा कोठडीत गेली, धाकटी बालगृहात. फेरतपासणी मंजूर झाली, तारीख मात्र पुढे सरकत राहिली. आमच्याकडची चित्रं वर्षाने पुसली जातात, तशी तीही गेली. पोलिसांना दिलेलं चित्रांचं पाकीट सापडत नाही म्हणतात.

दुसरा पौष सरत आला आहे. यंत्रात राहिलेल्या तिच्या नावापुढचं वय दर एक जानेवारीला आपोआप एकाने वाढतं. आता तिला पुन्हा त्या पाटावर झोपवलं, तर मनगटातली फट बुजलेली असेल. मी लिहिलेलं खोटं काळाने तिच्याच हाडांत खरं करून ठेवलेलं असेल, आणि तिथे कधी उजेडाची रेघ होती, हे माझ्याशिवाय कुणाला आठवणार नाही.